न कळणाऱ्या भाषांतली माझी गाणी

श्रोतेहो, नमस्कार.

दर वर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी मी रात्रभर जागते. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा होतात, तेव्हा युरोपातल्या बऱ्याच देशांत नऊ वाजलेले असतात आणि युरोव्हिजन गीतस्पर्धेची अंतिम फेरी सुरू होते. ती संपून मी खिडकी उघडते, तोवर आमच्या गोव्यातल्या फोंड्यात पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकू यायची वेळ होत आलेली असते. गरम पाव, चहा आणि डोक्यात घोळणारं एखादं गाणं, अशी ती रविवारची पहाट असते. मला ती फार आवडते.

ज्यांना ही स्पर्धा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक देशाची प्रसारण संस्था एक नवीन गाणं पाठवते. गाणं तीन मिनिटांच्या आत संपलं पाहिजे, मुख्य गायकाने ते तिथेच, त्या क्षणी गायलं पाहिजे आणि रंगमंचावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत. मग देशोदेशीचे लोक आणि परीक्षक गुण देतात. सगळ्यात आवडलेल्या गाण्याला बारा, त्यानंतरच्याला दहा, मग आठ, सात असे खाली एकपर्यंत. स्वतःच्या देशाला मात्र गुण देता येत नाहीत. पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी झाली. तेव्हा देश होते फक्त सात. टीव्ही त्या काळी थोड्यांच्याच घरी होता, त्यामुळे बहुतेकांनी ती ऐकली रेडिओवर. हे मला आज तुमच्याशी रेडिओवरून बोलताना मुद्दाम सांगावंसं वाटतं.

माझी ओळख झाली ती २००७ साली. ताई तेव्हा जर्मनीत, स्टुटगार्टला राहायची. तिच्या बाळंतपणासाठी मी गेले होते. भाची वीस दिवसांची होती. शनिवारी संध्याकाळी शेजारच्या आजी अक्रोडाच्या वड्यांची बशी घेऊन आल्या. त्यांचं माहेर सर्बियातलं. बाळाला पाहून झालं तरी त्या उठेनात. 'आज आमचं गाणं आहे, इथेच बघू का?' असं त्यांनी ताईला जर्मनमध्ये विचारलं. त्यांचं घर रिकामं होतं, म्हणून त्या आमच्याकडे आल्या होत्या हे मला नंतर कळलं.

स्पर्धा हेलसिंकीत चालली होती. झगमगाट, नाच, चंदेरी कपडे, काय काय येऊन गेलं. आणि मग काळा सूट घातलेली, चष्मा लावलेली, आखूड केसांची एक मुलगी येऊन उभी राहिली. मारिया शेरिफोविच. मागे काळ्याच कपड्यांतल्या पाच जणी. ती गायला लागली आणि आजींनी माझा हात धरला, तो गाणं संपेपर्यंत सोडला नाही. गाण्याचं नाव 'मोलितवा'. मी ताईकडे पाहिलं, ताईने आजींना विचारलं आणि मला सांगितलं, 'प्रार्थना'. तेवढा एकच शब्द मला कळला. बाकी सगळं त्या आवाजाने पोचवलं. सुरुवातीला जवळजवळ स्वतःशीच बोलावं तसा आवाज, आणि शेवटी तोच आवाज असा वर चढला की झोपलेलं बाळ दचकलं. माँटेनेग्रो वेगळा झाल्यावर सर्बिया स्वतंत्र देश म्हणून पहिल्यांदाच आला होता, आणि सर्बियन भाषेतल्या त्या गाण्याने २६८ गुण मिळवून स्पर्धा जिंकली. आजी जर्मनीत राहत असल्यामुळे त्यांना सर्बियाला मत देता येत होतं. त्या भिंतीशी उभ्या राहून पुन्हा पुन्हा फोन फिरवत होत्या. ती पाठमोरी मूर्ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आपल्याच भाषेत गायलेलं गाणं मला जास्त आवडतं ते तेव्हापासून. १९९९ पासून स्वभाषेची अट उठली आणि बरीच गाणी इंग्रजीत येऊ लागली. इंग्रजी गाण्यांशी माझं वैर नाही. स्वीडनच्या आब्बा मंडळींनी १९७४ साली, ती अट मध्यंतरी काही वर्षं नव्हती तेव्हा, 'वॉटर्लू' हे इंग्रजी गाणं गाऊनच स्पर्धा जिंकली आणि ते लागलं की माझे पाय अजूनही थिरकतात. पण जे गाणं आईच्या भाषेतून येतं त्याचा उच्चार वेगळा असतो, श्वास वेगळ्या जागी घेतलेला असतो. ते ऐकू येतं. भाषा येत नसली तरी ऐकू येतं.

परत आल्यावर मी यूट्यूबवर जुनी वर्षं शोधत बसले. १९९३ ची स्पर्धा आयर्लंडमधल्या मिलस्ट्रीट नावाच्या छोट्या गावात, घोडेस्वारीच्या स्पर्धा भरवायच्या सभागृहात झाली. बॉस्निया तेव्हा नवा देश होता आणि त्याची राजधानी सारायेव्हो वेढ्यात होती. तिथल्या कलाकारांना बाहेर पडायला एकच वाट होती, विमानतळाच्या धावपट्टीवरून रात्रीच्या अंधारात पळत जायचं, आणि वर गोळ्या चालू. तसे ते निसटले आणि मिलस्ट्रीटला येऊन फाझला या गायकाने 'स्वा बोल स्वियेता' गायलं. अर्थ, 'जगाचं सारं दुःख'. ते सगळं दुःख आज रात्री बॉस्नियात आहे, असं त्यात म्हटलंय. गाणं फार वर आलं नाही. पण मला त्या रात्रीचा दुसराच क्षण सांगायचाय. तेव्हा प्रत्येक देशाचे गुण टेलिफोनवरून यायचे. सारायेव्होची पाळी आली. खरखर, खूप लांबून आल्यासारखा एक आवाज, 'हॅलो'. तो आवाज पोचला तसा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. वेढ्यातल्या शहरात कुणीतरी रात्री बसून दुसऱ्यांची गाणी ऐकली होती आणि त्यांना गुण द्यायला फोन लावला होता. तो तुकडा मी कितीदा पाहिला असेन, पण दर वेळी घशाशी दाटून येतं.

त्यानंतर २०१६, स्टॉकहोम. युक्रेनची जमाला. गाण्याचं नाव नुसतं एक साल, '१९४४'. त्या वर्षीच्या मे महिन्यात स्टालिनच्या हुकमाने क्रिमियातल्या सुमारे दोन लाख तातार लोकांना घरांतून काढून मालगाड्यांत कोंबलं आणि मध्य आशियात पाठवलं. जमालाची पणजी त्यांतली. पाच मुलं बरोबर होती आणि त्यांतली एक मुलगी वाटेतच गेली. गाण्याची कडवी इंग्रजीत आहेत, पण ध्रुवपद क्रिमियन तातार भाषेत. माझं तरुणपण मला तिथे पुरतं भोगता आलं नाही, त्या भूमीत मला जगता आलं नाही, एवढंच ते म्हणतं. मध्ये शब्द थांबतात आणि ती नुसता सूर लावते. तो आलाप म्हणावा की हंबरडा, मला ठरवता येत नाही. स्पर्धेत राजकीय गाणी चालत नाहीत, म्हणून या गाण्यावर हरकती आल्या होत्या. आयोजकांनी ते ठेवलं, आणि बरं केलं. पणजीची गोष्ट सांगायला कुणाची परवानगी कशाला लागावी? ५३४ गुण मिळवून ते जिंकलं.

आपल्याकडे जन्मलेले दोन गायकही या स्पर्धेत ब्रिटनतर्फे उतरले होते. लखनौला जन्मलेला क्लिफ रिचर्ड १९६८ साली एका गुणाने हरला. मद्रासला जन्मलेला एंजेलबर्ट हंपरडिंक २०१२ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, बाकूला जाऊन गायला. तो शेवटून दुसरा आला, पण त्या वयात तो आवाज लागतो याचंच मला कौतुक वाटलं.

आता माझ्या घराच्या अगदी जवळच्या देशाकडे येते. पोर्तुगाल.

२०१७ साली कीव्हमध्ये साल्व्हादोर सोब्राल 'अमार पेलुश दोइश' गायला. गाणं रचलं होतं त्याच्या बहिणीने, लुइझाने. तुला प्रेम करता येत नसेल तर माझं हृदय दोघांच्या वाटचं करील, असा त्याचा भाव. त्याचं स्वतःचं हृदय त्या वेळी इतकं आजारी होतं की सुरुवातीच्या तालमींना त्याच्या जागी बहीण उभी राहिली. ना नाच, ना आतषबाजी. प्रेक्षकांच्या मधोमध छोट्या चौथऱ्यावर तो एकटाच, हातांची बोटं स्वरांमागे हलत असलेली. ७५८ गुण मिळाले. १९६४ पासून भाग घेणाऱ्या पोर्तुगालचा तो पहिला विजय. जिंकलेलं गाणं पुन्हा म्हणायची रीत आहे. त्याने बहिणीला वर बोलावलं आणि दोघांनी ओळी वाटून घेतल्या. त्याच वर्षी डिसेंबरात त्याच्यावर हृदयरोपण झालं आणि पुढच्या मे महिन्यात लिस्बनला भरलेल्या स्पर्धेत तो पुन्हा येऊन गायला.

पण माझं सगळ्यांत आवडतं पोर्तुगीज गाणं जिंकलेलं नाही. आब्बा जिंकले त्याच १९७४ साली ब्रायटनला पाउलु द कार्व्हाल्यु गायला, 'ई दिपोइश दु आदेउश', म्हणजे 'आणि निरोपानंतर'. तीन गुण. शेवटच्या जागेवर चार देश बरोबरीत होते, त्यांत हा एक. ही ६ एप्रिलची गोष्ट. २४ एप्रिलला रात्री दहा पंचावन्नला लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावरून हेच गाणं लागलं. तो सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी उठावासाठी ठरवलेला पहिला इशारा होता. तयार राहा. साधं प्रेमाचं गाणं, कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या केंद्रावरून दुसरं गाणं लागलं आणि तुकड्या निघाल्या. २५ एप्रिलला अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही कोसळली आणि लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली.

गोवा तर १९ डिसेंबर १९६१ लाच मुक्त झाला होता. पण लिस्बनच्या सरकारने ते तेरा वर्षं मान्य केलं नव्हतं. क्रांतीनंतरच्या नव्या सरकारने केलं. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारिउ सुआरिश यांनी सही केली आणि भारतातर्फे आपल्या यशवंतराव चव्हाणांनी.

माझे बाबा लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकलेले. मुक्तीनंतर पोर्तुगीज त्यांनी फारशी बोलली नाही. काही वर्षांपूर्वी, दुपारच्या जेवणानंतर, मी मोबाइलवर त्यांना हे गाणं लावून दिलं आणि कसलं आहे ते मुद्दाम सांगितलं नाही. ते आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. मग न विचारता एकेक ओळ मराठीत सांगू लागले. 'मला जाणून घ्यायचं होतं, मी कोण आहे, इथे काय करतोय...' मध्येच थांबून म्हणाले, 'अगं, हे तर विरहाचं गाणं. बिचाऱ्याला ती सोडून गेलीय.' मी म्हटलं, 'बाबा, या गाण्यावर क्रांती झाली.' त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, 'परत लाव.'

श्रोतेहो, तेच गाणं आता तुम्हाला ऐकवते आहे. तीन मिनिटांच्या आतलंच आहे.