पेन्शन मंजूर आहे, पण खिडकीवर कोण आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

पेन्शन वाचवायची म्हटलं की बोलणं लगेच तिजोरीवर जातं. पैसा पुरेल का, निवृत्तीचं वय वाढवावं का, तरुणांवर किती ओझं टाकायचं. हे प्रश्न खरे आहेत, आणि त्यांवर तावातावानं बोलणाऱ्यांची कमतरता नाही. म्हणून आज मी बोलणार आहे ते तिजोरीपासून पेन्शनरच्या हातापर्यंतच्या वाटेबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की पेन्शन कापायची असेल तर कायद्याला हात लावायची गरजच पडत नाही. वाट अडवली की काम झालं.

ही वाट पेन्शनइतकीच जुनी आहे. जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळात, १८८९ साली, कामगारांच्या म्हातारपणाच्या विम्याचा कायदा झाला. वयाची अट होती सत्तर. पासष्ट हे वय बिस्मार्कनंच ठरवलं असं पुष्कळदा सांगितलं जातं, पण ते आलं १९१६ मध्ये, आणि तोवर बिस्मार्कला जाऊन अठरा वर्षं झाली होती. असो. या योजनेत कामगाराचं एक कार्ड असे आणि वर्गणी भरली की त्यावर तिकीट चिकटवलं जाई. म्हणजे सगळी मदार पहिल्यापासून नोंदीवर होती. तिकीट लागलं नाही, तर घाम गाळलेला असूनही हिशेबात तो आठवडा कोराच.

ब्रिटननं १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग द्यायला सुरुवात केली, आणि ते पोस्टात दिले. त्याआधी निराधार म्हाताऱ्यांना मदत मिळायची ती गरिबांसाठीच्या जुन्या कायद्याखाली, आणि तिथं हात पसरणं म्हणजे चारचौघांत मान खाली घालणं. पोस्टात तर सगळेच जातात. रक्कम तेवढीच ठेवून ती देण्याची जागा बदलली, तर घेणाऱ्याची मान ताठ राहते, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना कळलं होतं. आजच्यांना ते कळतं का, याबद्दल मला शंका आहे.

अमेरिकेतला सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनचा कायदा १९३५ चा. पुढच्या वर्षाच्या अखेरीस नोंदणी सुरू करायची वेळ आली, तेव्हा तो राबवणाऱ्या खात्याकडे देशभर पसरलेली स्वतःची कार्यालयंच नव्हती. अर्ज वाटण्याचं आणि गोळा करण्याचं काम तिथंही पोस्टानंच केलं. पहिला मासिक धनादेश निघाला ३१ जानेवारी १९४० रोजी, आयडा मे फुलर यांच्या नावानं, २२ डॉलर ५४ सेंटचा. बाई शंभर वर्षं जगल्या. म्हणजे पस्तीस वर्षं दर महिन्याला कुणीतरी त्यांची नोंद पाहत होतं, रक्कम काढत होतं, पाठवत होतं. या ‘कुणीतरी’चं नाव इतिहासात येत नाही, आणि खर्च कमी करायचा ठरला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते.

सोशल सिक्युरिटी राबवणारी ही संस्था आज सुमारे सात कोटी लोकांना दरमहा पैसे देते. तिचा कारभाराचा खर्च एकूण खर्चाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. शंभर डॉलर पोचवायला एक डॉलरही लागत नाही! तरी २०२५ च्या फेब्रुवारीत या संस्थेनं आपलं मनुष्यबळ ५७ हजारांवरून ५० हजारांवर आणायचं जाहीर केलं. या निर्णयानं कायद्यातली पेन्शन एका सेंटनंही कमी झाली नाही. पण माणसं कमी झाली की फोन वाजत राहतात, अर्ज पडून राहतात, चूक दुरुस्त व्हायला महिने लागतात. ज्याच्याकडे दुसरं उत्पन्न आहे तो थांबू शकतो. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी तीन महिन्यांचा उशीर ही तीन महिन्यांची कपातच असते. पुढे थकबाकी मिळाली तरी मधल्या काळात झालेलं कर्ज आणि चुकलेली औषधं कुणी भरून देत नाही.

आणि चूक कुणाच्या लक्षातच आली नाही तर? ब्रिटनमध्ये नेमकं हेच घडलं. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं २०२१ साली अहवाल दिला. अंदाजे १ लाख ३४ हजार पेन्शनरांना मिळून शंभर कोटी पौंडांहून अधिक रक्कम कमी दिली गेली होती, आणि काही चुका १९८५ पासूनच्या होत्या. यात बहुतेक स्त्रिया होत्या. विवाहित स्त्रियांची, विधवांची पेन्शन नवऱ्याच्या नोंदीवरून वाढायची, ती वाढवलीच गेली नव्हती. कारणं कोणती, तर किचकट नियम, जुनाट संगणक यंत्रणा आणि हातानं तपासायची प्रकरणं. यात कुणी कट रचला नव्हता, कुणी पैसे खाल्ले नव्हते. या बाया दरवेळी येईल ती रक्कम बरोबर समजून घेत राहिल्या. आपल्याला कमी मिळतंय हेच माहीत नसेल, तर तक्रार करायची कशी? त्यातल्या कित्येक जणी चूक सापडण्याआधीच गेल्या.

भारतात सर्वोच्च न्यायालयानं १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याच्या खटल्यात निःसंदिग्ध सांगितलं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली मेहरबानी नव्हे. हक्क इतका स्वच्छ असूनही दरवर्षी आपण जिवंत आहोत हे पेन्शनरालाच सिद्ध करावं लागतं. हयातीच्या दाखल्याला माझा विरोध नाही, गैरव्यवहार रोखायला तो लागतो. २०१४ मध्ये तो अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या देण्याची सोय झाली, तीही चांगलीच. पण आयुष्यभर राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात, ठसा उमटत नाही. पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा मार्ग आला, त्यालाही स्मार्टफोन लागतो आणि तो धरणारा कुणी लागतो. नवी सोय जुन्या सोयीच्या जोडीला आली तर सेवा वाढते. तिच्या जागी आली, तर पेन्शनर यंत्रापुढे उभा राहतो आणि यंत्र म्हणतं, ‘पुन्हा प्रयत्न करा.’

महागाईबद्दल थोडंच सांगतो. अमेरिकेत १९७५ पासून पेन्शन महागाईशी आपोआप जोडलेली आहे. आपल्याकडे राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शनमध्ये साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये, आणि तो दीड दशकाहून अधिक काळ जागचा हललेला नाही. यावर भाष्य करायची गरज नाही.

मग करायचं काय? स्वतःपुरतं सांगायचं तर वर्गणीचा उतारा दरवर्षी पाहा, नाव आणि जन्मतारीख सगळ्या कागदांवर एकच आहे का ते नोकरीत असतानाच तपासा, आणि नकार मिळाला तर तो कारणासह लेखी मागा. तोंडी नकाराविरुद्ध अपील करता येत नाही. पण सगळा भार म्हाताऱ्या माणसावर टाकणं मला पटत नाही. संशय आला म्हणून पैसे आधी थांबवायचे आणि चौकशी मागाहून करायची, हा क्रम उलटा व्हायला हवा. आधी नोटीस, मग बोलणं ऐकून घेणं, आणि चालू पेन्शन बंद करायची ती शेवटी.

पेन्शनरांच्या संघटना दरवेळी रक्कम वाढवायची मागणी करतात, ती रास्तच आहे. तिच्या जोडीनं आणखी काही आकडे मागा. किती पदं रिक्त आहेत, अर्ज निकाली निघायला किती दिवस लागतात, किती फोन न उचलता तुटले, किती जणांची पेन्शन थांबवली आणि त्यातल्या किती जणांची पुन्हा सुरू करावी लागली. हा शेवटचा आकडा मिळवायला सगळ्यात कठीण जाईल, म्हणून त्याची मागणी सगळ्यात आधी करा, आणि ती लेखी करा.

नमस्कार.