शिळं पाणी, ताजं चार्जिंग

(मिरजेतल्या एका वाचनालयाच्या मासिक सभेतलं व्याख्यान. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला ‘बॅटरीतज्ज्ञ’ म्हटलं. तसं काही नाही. मी आयटीआयमध्ये सत्तावीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्सचा निदेशक होतो, म्हणजे फार तर मुलांनी जाळलेल्या वस्तूंचा तज्ज्ञ. फलकावर विषय लिहिलाय ‘वायरलेस हेडफोन : चार्जिंग आणि बॅटरीची निगा’. त्यावर येतोच. पण आधी दोन मिनिटं पाण्याबद्दल बोलू द्या. माझं म्हणणं असं आहे, की आपण बॅटरीला पिंपासारखं वागवतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मी मूळचा लातूरचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे रेल्वेने पाणी आलं, ते तुमच्या मिरजेतून. लोक खाल्ल्या मिठाला जागतात, मी प्यालेल्या पाण्याला जागतो. तेव्हा आज इथे खोटं बोलणार नाही.

ज्या घरात नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तिथल्या माणसांच्या अंगात दोन सवयी भिनतात. पहिली, रिकामं दिसेल ते काठोकाठ भरायचं. पिंप, हंडे, कळश्या, बादल्या, आणि शेवटी हातात आलं म्हणून चहाचं पातेलं. दुसरी सवय त्याहून गमतीची. नवं पाणी आलं की आधीचं काढून टाकायचं, कारण ते शिळं. माझी आई नळ येणार असं कळलं की उरलेलं पाणी झाडांना घालायची, पिंप आडवं करून आतून घासायची आणि मग ताजं भरायची. आता जे ताजं म्हणून येत होतं, ते धरणात सहा महिने पडूनच होतं. वडिलांनी हे एकदा तिला सांगून पाहिलं. दुसऱ्यांदा नाही सांगितलं. (हशा)

आता तुमच्या घरातला चार्जर आठवा. भारनियमनाच्या काळात आपण काय म्हणायचो? ‘लाईट आहे तोवर चार्जिंग करून घ्या.’ म्हणजे नळ आलाय, भरून घ्या. आणि दुसरी सवय? ‘बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, मगच लावावी.’ म्हणजे शिळं चार्जिंग ओतून द्या! नवा फोन घेतला की दुकानदार बजावायचा, आधी आठ तास चार्जिंग, मगच सिम घाला. अगदी नव्या माठात पाणी भरून तो मुरू द्यावा तसं.

गंमत अशी, की यातलं सगळंच खोटं नव्हतं. जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये, दाढीच्या यंत्रात निकेल-कॅडमियमची बॅटरी असायची. ती दर वेळी अर्धीच वापरून भरली, की तिला तेवढीच सवय लागायची. त्या बॅटरीला अधूनमधून पूर्ण उतरवणं योग्यच होतं. मी स्वतः वर्गात हे शिकवलंय, आणि माझे विद्यार्थी आज पन्नाशीत येऊन आपल्या मुलांना तेच शिकवतायत. बॅटरी बदलली, शिकवण राहिली. तो दोष माझा, म्हणून फेडायला फिरतोय.

आता माझ्या कानाची गोष्ट. लांबेल थोडी, पण विषयातलीच आहे.

निवृत्तीला मुलीने इअरबड्स दिले. कानात घालायचे दोन मणी आणि त्यांची एक डबी. घरात त्याला नाव पडलं ‘कानातलं’. त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. एका सकाळी फिरून आलो आणि दारातूनच ओरडलो, ‘अगं, माझं एक कानातलं पडलं!’ शेजारच्या वहिनी गॅलरीत होत्या. त्यांनी फक्त ‘कानातलं पडलं’ एवढंच ऐकलं. पाच मिनिटांत जिन्यात सहा बायका वाकून सोनं शोधतायत. प्लॅस्टिकचा पांढरा मणी सापडला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा पाहिली, ती आमच्या लग्नातही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती. असो.

चौदा महिने चांगले गेले. मग डावा कान दमायला लागला. तुमच्या मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं जुन्या तबकडीवरचं ध्वनिमुद्रण लावलं तर कळायचं नाही. ते तीन-साडेतीन मिनिटांत संपतं. पण तासाभराचा ख्याल लावला, की विलंबित संपायच्या आत डावा कान बंद. पुढे पुढे तर डावा सुरूच होईना. कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलाने डबी उघडलीसुद्धा नाही. ‘काका, बॅटरी गेली. ती बदलत नाहीत. डावा नवीन घ्या.’ किंमत सांगितली ती जवळजवळ नव्या जोडीच्या निम्मी. मी विचारलं, ‘मीटर लावून पाहिलंत का?’ तो म्हणाला, ‘मीटर कशाला?’

हे वाक्य मला लागलं. सत्तावीस वर्षं ज्याने मीटर धरायला शिकवलं, त्याला मीटर कशाला! घरी आलो, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्म्यावर भिंग चढवलं आणि दाढीच्या पात्याने डावा मणी उघडायला बसलो. त्याचे दोन अर्धे गोंदाने इतके घट्ट चिकटवलेले, की केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली तेव्हा कुठे फट पडली. आत बटणासारखी गोल चकती, तिच्यावर १२५४ असा आकडा. म्हणजे व्यास १२ मिलिमीटर, जाडी ५.४. हीच बॅटरी. वर केसाएवढ्या दोन तारा. मी फट जरा जास्त उघडली आणि त्यातली एक तटकन तुटली.

मीटर लावला. ३.१ व्होल्ट.

इथे थांबून सांगतो. आजच्या फोनमध्ये, बड्समध्ये असते ती लिथियमची बॅटरी. ती पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट दाखवते, आणि तिच्यातलं वापरण्याजोगं संपतं ३ च्या आसपास. मेलेली बॅटरी दोन, दीड, असं काहीतरी दाखवते. ३.१ म्हणजे ती मेलेली नव्हती. उपाशी होती!

मग उशिरा सुचलं ते डबी पाहायचं. डाव्या खणात तळाशी सोनेरी रंगाच्या दोन टाचण्या असतात, स्प्रिंगवर खालीवर होणाऱ्या. एक वर होती. दुसरी खाली रुतून बसलेली, आणि तिच्याभोवती काळसर, चिकट लेप. कानातला मळ, घाम, खिशातली धूळ, सगळं एकत्र. स्पिरिटमध्ये काडी बुडवून फिरवली, टाचणी टुपकन वर आली. चौदा महिने मणी डबीत ठेवत होतो, आणि शेवटचे काही आठवडे त्याच्या पोटात काही जातच नव्हतं.

वर्गात माझं एक वाक्य ठरलेलं असायचं : ‘आधी पुसा, मग उघडा.’ मुलं माझी नक्कल करायची या वाक्यावरून. आणि मी आधी उघडलं, तार तोडली, मग पुसलं. केसाएवढ्या तारेला सोल्डरचा डाग द्यायला बसलो, हात थरथरला, प्लॅस्टिक वितळलं. तेव्हापासून एकाच कानाने ऐकतो. खाँसाहेबांच्या बाबतीत नुकसान नाही म्हणा. त्या काळचं ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचं. डाव्या कानात वेगळं काही येणारच नव्हतं.

(अध्यक्षांची चिठ्ठी येते.) ‘दहा मिनिटे.’ बरं. म्हणजे आता जे बोलायला बोलावलं होतं, ते बोलतो.

बॅटरी पिंप नाही, ती एसटी आहे. लिथियमचे कण एका आगारातून निघतात, ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात, ते झालं चार्जिंग. परत आले, ते झालं वापरणं. गाडी रिकामी असताना लोक भराभर चढतात. शेवटचे दहा-पंधरा चढायला वेळ लागतो, रेटारेटी होते. म्हणून ८० टक्के पटकन होतं आणि पुढचं रेंगाळतं. ठासून भरलेली गाडी उन्हात तासन्‌तास उभी करून ठेवा, आतल्यांचं काय होईल? तेच बॅटरीचं. आणि प्रत्येक फेरीत काही प्रवासी परत येतच नाहीत. साधारण ३०० ते ५०० फेऱ्यांनंतर ताकद ८० टक्क्यांच्या आसपास उतरते. अर्धी-अर्धी दोनदा भरली तर ती एकच फेरी धरायची, त्यामुळे थोडंथोडं चार्जिंग करायला मुळीच भिऊ नका.

हिशेब करा. तुमच्या फोनच्या बॅटरीची साठवण ५००० मिलिअँपिअर-तास, या मण्यातल्या बॅटरीची पन्नास-साठ. शंभरावा भाग. मणी एका दमात चार-पाच तास चालतो. रोज तेवढं ऐकलंत की रोज एक फेरी, म्हणजे दीड वर्षात पाचशे. डोक्यावरून घालायचे मोठे हेडफोन तीस-चाळीस तास चालतात, त्यांना आठवड्याला एक फेरी. म्हणून ते टिकतात. बड्स लवकर म्हातारे होतात यात तुमचा दोष थोडा, आकाराचा जास्त. आणि फोनवर बोलताना नेहमी एकच कान वापरत असाल, तर तो कान आधी जाणार. आलटून पालटून वापरा.

चार्जिंग वीस ते ऐंशी टक्क्यांच्या मध्ये ठेवा असं सगळे सांगतात. मोठ्या हेडफोनला आणि गळ्यात अडकवायच्या नेकबँडला हे जमतं, वायर काढली की झालं. डबीतल्या मण्यांना कसं जमणार? डबी त्यांना शंभरपर्यंत भरतेच. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये आता ‘ऐंशीला थांबा’ अशी सोय येते, असेल तर सुरू करा. नसेल तर निदान डबी चोवीस तास चार्जरला लावून ठेवू नका. रात्रभर लावल्याने बॅटरी ‘ओतू’ जात नाही, आतली चिप ४.२ ला थांबवते. पण भरलेली आणि कोमट अशी सकाळपर्यंत पडून राहते. विजेचा खर्च म्हणाल तर काळजी नको. एका युनिटमध्ये ही डबी तीन-चारशे वेळा भरेल.

खरा शत्रू ऊन. पूर्ण भरून ४० अंशांत वर्षभर ठेवलेली बॅटरी साधारण एक तृतीयांश ताकद घालवून बसते. अर्धवट भरून २५ अंशांत ठेवली तर पाचेक टक्केच. लातुरात मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवणं म्हणजे ती शेगडीवर ठेवणं. उलट टोकाला, लेह-लडाखला गेलात तर शून्याखाली चार्जिंगला लावू नका. लिथियम आत शिरत नाही, वरच धातूचा थर होऊन बसतो. बरेच महिने वापरायचे नसतील तर निम्मं भरून कपाटात ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणा. रिकामं ठेवाल तर उघडाल तेव्हा खरंच मेलेलं असेल.

चार्जर. ६५ वॅटच्या चार्जरने बड्स जळतील ही भीती सोडा. उपकरण लागेल तेवढंच ओढतं. मात्र दोन्ही टोकांना ‘टाइप-सी’ पिन असलेल्या वायरने स्वस्तातली डबी चार्जच होत नाही, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल. डबी बिघडलेली नसते. आत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारे बारके भाग, असायला हवेत, ते नसले तर चार्जरला पलीकडे कुणी आहे हेच कळत नाही. काही पैशांचे रेझिस्टर वाचवलेत बनवणाऱ्याने! जुना, चपट्या चौकोनी खाचेचा चार्जर आणि त्याची वायर लावा, होईल.

घाम. फिरून आल्यावर ओले मणी तसेच डबीत टाकू नका. ओलाव्यातून वीज गेली की त्या सोनेरी टाचण्या गंजतात. आधी धोतराच्या सोग्याने, रुमालाने, कशानेही पुसा, पाच मिनिटं उघडे ठेवा.

बॅटरी फुगलेली दिसली, नेकबँडची कड वर उचललेली दिसली, तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंग बंद. आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात अजिबात नको. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, तेव्हा कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. युरोपात तर फेब्रुवारी २०२७ पासून अशा बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता येतील अशाच बसवाव्या लागणार आहेत. आपल्याकडे तसं होईल तेव्हा माझ्यासारख्याला पातं लागणार नाही.

दुसरी चिठ्ठी आली. एकच सांगतो. या बॅटरीच्या शोधासाठी २०१९ चं नोबेल तिघांना मिळालं. व्हिटिंगहॅम, योशिनो आणि जॉन गुडइनफ. गुडइनफ तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते. पहिल्या दोन रांगांकडे पाहून सांगतो, अजून वेळ आहे. (हशा)

चहा आलाय असं दिसतंय. स्पिरिटची बाटली, कापूस आणि लहान मुलांचा मऊ दातांचा ब्रश मी आणलाय. ज्यांचा डावा किंवा उजवा रुसलाय, त्यांनी डबी घेऊन खिडकीजवळच्या टेबलाशी यावं. पुसून देईन. उघडणार काही नाही.