पडद्यावर दिसतं ते आणि फाइलीत असतं ते

"कंट्रोल-एस दाबलं आणि एडिटर मेला." मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमबद्दलची, म्हणजे एडिटरबद्दलची, ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी म्हणतो, "कंट्रोल-क्यू दाबा." तो दाबतो. पडदा जिवंत होतो आणि मधल्या वेळात वैतागून बडवलेली सगळी बटणं धाडधाड फाइलीत उतरतात. मग तो विचारतो, "काय होतं हे?"

हे टेलिप्रिंटरचं भूत होतं. आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या कोष्टकातल्या १९ क्रमांकाच्या चिन्हाचा अर्थ 'थांब' आणि १७ क्रमांकाच्या चिन्हाचा अर्थ 'चालू दे'. घेणारं यंत्र मागे पडायला लागलं, की देणाऱ्याला आवरायला ही दोन चिन्हं कामी यायची. कंट्रोल-एस दाबल्यावर नेमकं १९ जातं. विंडोजवर वाढलेला हात सवयीनं सेव्ह करायला तिथेच जातो, आणि टर्मिनलचा, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीचा, ड्रायव्हर ते चिन्ह वाटेतच उचलतो. काही एडिटर सुरू होतानाच ही सोय बंद करतात, काही करत नाहीत. जे करत नाहीत, त्यांच्यापर्यंत तुमचं बटण पोचतच नाही. ते निवांत बसलेले असतात आणि शिव्या मात्र त्यांनाच पडतात. कायमचा उपाय म्हणजे 'एसटीटीवाय' या कमांडला 'उणे आयएक्सऑन' असा पर्याय देणारी एक ओळ शेलच्या, म्हणजे कमांड घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सुरुवातीच्या फाइलीत टाकायची.

एडिटरच्या नावावर जमा होणाऱ्या तक्रारींतल्या फार थोड्या खरोखर एडिटरच्या असतात, हे मी अनुभवानं सांगतो. तुम्ही एक अक्षर टाइप करता तेव्हा ते कीबोर्ड, ऑपरेटिंग सिस्टिम, टर्मिनल, एडिटर, फाइल असं हातोहात जातं, आणि परत येताना फॉन्टच्या हातून पडद्यावर येतं. बादली कुणाच्या हातात हिंदकळली ते शोधायचं असतं. आपण पाहतो फक्त शेवटच्या माणसाकडे.

ईमॅक्स या जुन्या एडिटरबरोबर 'प्रॉब्लेम्स' नावाची एक फाइल येते. कंट्रोल-एच आणि मग कंट्रोल-पी दाबलं की उघडते. काही हजार ओळींची आहे. मी ती अधूनमधून करमणूक म्हणून वाचतो. हसू नका, खरंच वाचतो. ज्ञात अडचणी आणि त्यांवरचे उपाय तिथे नोंदवलेले आहेत, आणि वाचत गेलं की लक्षात येतं, फॉन्ट, लिनक्सवर खिडक्या काढणारा एक्स सर्व्हर, टर्मिनल, कुठल्या तरी लायब्ररीची एखादी आवृत्ती, अशा शेजाऱ्यांचीच गाऱ्हाणी तिथे जास्त आहेत.

बॅकस्पेसचंच घ्या. हे बटण दाबल्यावर काही टर्मिनल ८ क्रमांकाचं चिन्ह पाठवतात, काही १२७. आठ म्हणजे कंट्रोल-एच. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एच म्हणजे मदत. त्यामुळे अक्षर खोडायला जावं आणि मदतीची खिडकी समोर यावी, असा प्रकार होतो. आणि १२७ का? कागदी फितीच्या काळात चुकलेलं अक्षर पुसता यायचं नाही, भोक बुजवणार कसं? म्हणून त्या जागची सातही भोकं पाडून टाकायची. सात भोकं म्हणजे दुर्लक्ष कर. बायनरी पद्धतीत ओळीनं सात वेळा एक लिहिला की होतात १२७. तुमचं टर्मिनल काय पाठवतं ते बघायचं असेल तर शेलमध्ये कंट्रोल-व्ही दाबा आणि लगेच बॅकस्पेस. टोपीच्या खुणेपुढे एच उमटला तर ८, प्रश्नचिन्ह उमटलं तर १२७. दोन सेकंदांचं काम आहे, पण लोक त्याऐवजी अख्खा एडिटर काढून पुन्हा टाकतात. सेटिंग्ज घरच्या फोल्डरमध्ये तशीच राहतात, अडचणही तशीच राहते.

एडिटर उघडावाघडा, म्हणजे आपल्या सेटिंग्ज आणि प्लगइनविना, सुरू करणं, हे पहिलं काम. ईमॅक्स मोठ्या क्यूच्या पर्यायानं, व्हिम 'क्लीन'च्या पर्यायानं, व्हीएस कोड एक्स्टेन्शन बंद ठेवून. ईमॅक्समध्ये छोटा क्यूही आहे, पण त्यानं तुमची स्वतःची फाइल वगळली जाते. यंत्राच्या व्यवस्थापकानं सगळ्यांसाठी 'साइट-स्टार्ट' फाइलीत काही लिहून ठेवलं असेल तर ते चालतंच. मोठा क्यू तेही वगळतो. उघड्या एडिटरमध्ये अडचण गेली तर गुन्हेगार घरातलाच. मग सेटिंग्जच्या अर्ध्या ओळी बंद करा, पुन्हा पाहा, उरलेल्यांतल्या अर्ध्या बंद करा. चौसष्ट प्लगइन असले तरी सहा फेऱ्यांत चोर सापडतो. कंटाळवाणं आहे खरं, पण "मला वाटतं त्या रंगांच्या प्लगइनचं असावं" म्हणत तासभर घालवण्यापेक्षा बरं.

उघड्या एडिटरमध्येही अडचण राहिली, तर फाइल तपासायची. इथे मी स्वतः एक रात्र घालवली आहे. एक सेटिंग्जची फाइल होती, जेमतेम वीस ओळींची. प्रोग्रॅम म्हणे, पहिल्या ओळीत चूक. पहिली ओळ मी दहा वेळा वाचली, खोडून पुन्हा लिहिली, शेवटी दुसऱ्या चालत्या फाइलीतून आणून चिकटवली. तरी तेच. पहाटे कधीतरी 'एक्सएक्सडी' या कमांडनं बाइट उघडून पाहिले. पहिल्या अक्षराच्याही आधी तीन बाइट बसलेले होते: ईएफ, बीबी, बीएफ. याला बाइट ऑर्डर मार्क म्हणतात, आपण बॉम म्हणतो. एडिटरच्या लेखी ती फाइलीच्या कपाळावरची खूण, म्हणून तो ती दाखवत नाही आणि तुम्ही ओळ खोडली तरी ती पुसत नाही. विंडोजचं नोटपॅड यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची आजची सर्रास पद्धत) फाइल बरीच वर्षं ही खूण लावूनच सेव्ह करायचं. २०१९ च्या विंडोज १० आवृत्तीपासून त्यानं बॉमविना सेव्ह करणं हा नेहमीचा रिवाज केला. लिनक्सवर स्क्रिप्टचे पहिले दोन बाइट हॅश आणि उद्गारचिन्ह असावे लागतात. त्यांच्या आधी हे तीन पाहुणे आले, की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ती स्क्रिप्ट ओळखतच नाही.

याच जातीचा दुसरा त्रास ओळीच्या शेवटाचा. टेलिप्रिंटरला नवी ओळ घ्यायची तर दोन कामं असायची: मुद्रणशीर्ष डावीकडे नेणं आणि कागद एक ओळ वर सरकवणं. १३ आणि १०, दोन चिन्हं. सीपी/एम या जुन्या सिस्टिमनं दोन्ही ठेवली, तिथून ती डॉसकडे आणि डॉसकडून विंडोजकडे आली. मल्टिक्स या सिस्टिमनं एकट्या १० वर भागवलं, युनिक्सनं तेच उचललं. जुन्या मॅकनं नेमकं उलट केलं, एकटं १३ घेतलं, आणि मॅक ओएस टेननंतर मॅकही १० वाल्यांत आला. नोटपॅडला एकट्या दहाची ओळ समजायला २०१८ उजाडावं लागलं. तोवर युनिक्सची फाइल त्यात उघडली की सगळा मजकूर एका लांबलचक ओळीत.

विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर चालवताना लिनक्स म्हणतो, "अशी फाइल नाही." फाइल तर डोळ्यांसमोर आहे! पण त्याला ती स्क्रिप्ट नकोच आहे, तो पहिल्या ओळीत नाव दिलेला, स्क्रिप्ट चालवणारा बॅश हा प्रोग्रॅम शोधतोय, आणि त्या ओळीच्या टोकाला चिकटलेल्या १३ मुळे तो 'बॅश-आणि-एक-अदृश्य-चिन्ह' नावाचा प्रोग्रॅम हुडकतोय. वर गंमत अशी, की संदेशात ते १३ जसंच्या तसं छापलं गेलं तर कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो आणि उरलेला संदेश आधीच्या अक्षरांवर चढतो. म्हणजे चूक सांगणारी ओळच चुकीची दिसते. 'कॅट' या कमांडला मोठ्या 'ए'चा पर्याय दिला की ओळीअखेरीस डॉलरच्या आधी टोपी आणि एम दिसतात. दिसले, की 'डॉस-टू-युनिक्स' चालवायचं. प्रकल्प अनेकांचा असेल तर गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या ॲट्रिब्यूट्स फाइलीत एकदाच नियम लिहून टाका, नाहीतर दोन यंत्रांवरची दोन माणसं एकमेकांच्या ओळी आयुष्यभर बदलत बसतात.

आता मराठी मजकुराचं. देवनागरी फाइल उघडली आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चार पाय फुटलेलं वर्तुळ अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसायला लागली, तर घाबरू नका. फाइल बहुधा धडधाकट आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. 'म' म्हणजे ई०, ए४, एई. पश्चिम युरोपच्या जुन्या विंडोज कोष्टकानं हे वाचलं तर ई० चा तो रेघवाला ए होतो आणि ए४ चं ते वर्तुळ. दीर्घ वेलांटीपासून पुढच्या चिन्हांत मधला बाइट ए५ असतो, म्हणून मध्येच जपानी येनची खूण डोकावते. ही जोडी ओळखू आली, की रोगाचं नाव कळलं. पण इथे हात आवरा. व्हीएस कोडमध्ये दोन पर्याय शेजारीशेजारी असतात: वेगळ्या एन्कोडिंगनं (अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीनं) पुन्हा उघडा, आणि वेगळ्या एन्कोडिंगनं सेव्ह करा. घाईत माणूस दुसरा निवडतो, आणि जो घोटाळा नुसता दिसण्याचा होता तो खराखुरा फाइलीत लिहिला जातो. आधी पुन्हा उघडा, अक्षरं सरळ दिसू द्या, मगच सेव्ह.

मॅकवाल्यांच्या दोन गोष्टी पटकन सांगतो. टर्मिनलमधून उघडलेल्या एडिटरला कंपायलर सापडतो आणि डॉकवरून उघडलेल्याला सापडत नाही, कारण डॉकवरून येणारा तुमच्या शेलच्या फाइली वाचून आलेला नसतो. त्याचा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या जागांची यादी, वेगळा. आणि ऑप्शन दाबून स्पेस दिली की साधी मोकळी जागा न पडता न-तुटणारी जागा पडते. दिसायला तंतोतंत तशीच. कमांड मात्र चालत नाही. विंडोजवर 'ऑक्स' किंवा 'कॉन' नावाची फाइल करायला जाऊ नका, ती डॉसच्या काळापासून उपकरणांसाठी राखलेली नावं आहेत. लिनक्सवर मोठा प्रकल्प उघडल्यावर "फाइलींवर लक्ष ठेवता येत नाही" असं एडिटर म्हणाला, तर किती फाइलींवर लक्ष ठेवता येईल यावरच्या, कर्नलच्या आयनोटिफाय मर्यादेबद्दल तो बोलतोय. ती वाढवता येते.

मघाशी एकानं चिठ्ठी पाठवली आहे: "एक फाइल उघडली की एडिटर गोठतो. बाकीच्या, त्याहून मोठ्या फाइली छान उघडतात." फाइल जेसनची (माहिती साध्या मजकुरात साठवायच्या एका पद्धतीची) आहे, असं खाली लिहिलंय. या प्रश्नावर माझा एक ठरलेला प्रतिप्रश्न असतो: फाइलीत ओळी किती? फार लांब ओळींवर ईमॅक्स वर्षानुवर्षं अडखळायचा. २७ व्या आवृत्तीत त्यासाठी 'सो-लाँग' नावाची सोय आली, २९ व्या आवृत्तीत आतलं कामच सुधारलं. इतर एडिटरही अशा ओळीला रंग द्यायला गेले की धापा टाकतात. चिठ्ठी पाठवणारे गृहस्थ इथेच बसलेत, लॅपटॉपही उघडाच आहे. जरा 'डब्ल्यूसी' कमांड छोट्या एलच्या पर्यायानं त्या फाइलीवर चालवा. किती आलं? शून्य? बरोबर. ती कमांड १० क्रमांकाची चिन्हं मोजते, आणि तुमच्या फाइलीत ते एकदाही आलेलं नाही. आत मजकूर भरपूर आहे, पण त्याची पहिलीच ओळ अजून संपलेली नाही.