टॉरचं पॅकेज कोण सांभाळतं?

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर टॉर, म्हणजे इंटरनेटवर तुमची ओळख लपवणारा प्रोग्राम, बसवायचा तर एक कमांड पुरते. प्रोग्राम उतरतो आणि लगेच चालूही होतो. मधलं सगळं काम पॅकेजच्या (बसवायला तयार गठ्ठ्याच्या) मेंटेनरनं, म्हणजे तो सांभाळणाऱ्यानं, आधीच करून ठेवलेलं असतं, आणि तो बहुतेकदा स्वयंसेवक असतो.

2002 पासून चालू असलेलं टॉरचं जाळं तुमची माहिती तीन रिलेंमधून (मधल्या सर्व्हरमधून) फिरवून पुढे पाठवतं. पहिल्या रिलेला तुमचा आयपी पत्ता दिसतो, पण तुम्ही कुठल्या साइटवर चाललात ते दिसत नाही. शेवटच्याला साइट कळते, तुम्ही कळत नाही.

नवी आवृत्ती आली की मेंटेनर आधी सोर्स कोडची (प्रोग्रामच्या मूळ कोडची) डिजिटल सही पडताळतो. मग डेबियनपुरते पॅच (कोडमधले छोटे बदल) लावून त्यापासून पॅकेज तयार, म्हणजे बिल्ड, करतो. टॉर रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वोच्च, अधिकारानं चालू नये म्हणून पॅकेज त्याच्यासाठी वेगळा युजर तयार करतं. अपग्रेड होताना रिलेची ओळख पटवणाऱ्या गुप्त डिजिटल किल्ल्यांना धक्का लागता कामा नये. त्या गेल्या, तर इतके दिवस चाललेला रिले जाळ्याच्या लेखी नवखा ठरतो.

यात सगळ्यात जपून करायचं काम म्हणजे पॅच. 2006 साली डेबियनच्या ओपनएसएसएल या, अशा किल्ल्या बनवणाऱ्या, पॅकेजमध्ये कोडच्या दोन ओळी बंद केल्या गेल्या. मेमरी तपासणारं टूल त्या ओळींवर इशारे देत होतं, एवढंच निमित्त. पण किल्ली बनवताना लागणारा, कुणाला अंदाज येणार नाही असा यादृच्छिकपणा त्या ओळींतूनच येत होता. उरला फक्त प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या किल्लीसाठी जेमतेम 32,767 शक्यता. एवढ्या किल्ल्या साधा कॉम्प्युटरही एकेक करून लावून बघू शकतो! हे उघडकीला आलं मे 2008 मध्ये. टॉरच्या स्वतःच्या कोडमध्ये काहीच चुकलं नव्हतं, तरी रिलेंची यादी प्रमाणित करणाऱ्या काही डिरेक्टरी सर्व्हरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या, कारण त्या डेबियनवर बनल्या होत्या.

म्हणून माझ्या लेखी चांगला मेंटेनर तो, जो मूळ कोडला कमीत कमी हात लावतो आणि लावलाच, तर मूळ लेखकांना विचारून लावतो.

पण मेंटेनर चांगला आहे, हे लोकांनी ताडून कसं पाहायचं? 2013 पासून डेबियनमध्ये त्यावर चिकाटीनं काम चाललं आहे. एकच सोर्स दोन वेगळ्या मशीनवर बिल्ड केला, तर तयार होणारं पॅकेज बाइटन् बाइट सारखं निघालं पाहिजे. त्यासाठी फाइलींत शिरणाऱ्या बिल्डच्या तारखा आणि वेळासुद्धा शोधून काढाव्या लागतात. पॅकेज तसं जुळलं, की कुणीही ते स्वतः बिल्ड करून मेंटेनरचं काम तपासू शकतो.