गडग्यावरचा देवचार

नमस्कार श्रोतेहो. विचार एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातो कसा, हा आजचा विषय. पण आधी आमच्या इरल्याची गोष्ट.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. वेंगुर्ल्याजवळचं गाव, लावणीचे दिवस. आजोबांनी भिजलेलं इरलं, म्हणजे पावसात पांघरायचं बांबू-पानांचं आच्छादन, चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर टाकलं आणि पेज जेवून झोपले. (आता सगळे प्लास्टिक पांघरतात. पाऊस अडतो, पण माणूस आतून घामाने भिजतो. इरल्याची सर नाही त्याला.) रात्री शेजारच्या काकूने दार उघडलं, तेवढ्यात वीज चमकली. सकाळी विहिरीवर ती एवढंच बोलली, "गडग्यार कोणतरी बसललो." दुपारी गिरणीवर त्या 'कोणतरी'च्या हातात काठी आली. तिन्हीसांजेला खांद्यावर घोंगडी. आठवडी बाजारात मासळीवालीने थेट आजोबांनाच गाठलं, "आबानू, तुमच्या गडग्यार देवचार विडी मागता म्हणतत, खरां?"

देवचार म्हणजे आमच्याकडचं भूत. आजोबा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मागता तर! पण माकाच पुरनत नाय."

आता बघा, काकूने काठी पाहिली नव्हती, घोंगडी पाहिली नव्हती, विडी तर नाहीच. पुन्हा सांगतो, तिने पाहिलं नव्हतं. ते ऐकणाऱ्यांच्या डोक्यात आधीपासून होतं. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली हेच मांडलं. अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा त्यांनी इंग्रज मंडळींना वाचायला दिली आणि आठवून सांगायला लावली. कथेतली सीलची शिकार सांगता सांगता साधी मासेमारी झाली!

जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली, विचारही जनुकांसारखेच नक्कल होत पसरतात असं म्हणत, त्यांना 'मीम' हे नाव दिलं. मला ते अर्धंच पटतं. जनुकाची नक्कल जवळजवळ हुबेहूब उतरते. गोष्ट मात्र प्रत्येक डोक्यात नव्याने शिजते. जनुकांचा हात आहे तो मेंदू घडवण्यात. त्या मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो, आपण काजूगराएवढा म्हणू. भीती वाटली की तो शेजारच्या, आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसला आठवण घट्ट करायला लावतो. म्हणून खताचा भाव विसरतो, देवचार विसरत नाही. भीती जन्मजात, घोंगडी मात्र ओटीवरच्या गप्पांतली.

आणि हो, पुढच्या अमावास्येला कुणीतरी आमच्या गडग्यावर विड्यांचं अख्खं बंडल ठेवून गेलं. आजोबांना ते आठवडाभर पुरलं.