आधी झाकण, मग खरेदी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘पातळ लॅपटॉपची एसएसडी बदलताना’, एसएसडी म्हणजे आपल्या फायली साठवणारी डिस्क, वेळ चाळीस मिनिटं, त्यातली दहा माईकने खाल्ली, चालायचंच. आधी हात वर करा, डिस्क भरली म्हणून लाल पट्टी दिसते असे किती जण? बरेच आहेत. आणि त्यापायी नवीन लॅपटॉपच घ्यायला निघालेले? आता हात खाली यायला लागले, म्हणजे शेजारी बायको बसलीय.

माझं म्हणणं एवढंच आहे की तानाजीचं जसं आधी लगीन कोंढाण्याचं, तसं आपलं आधी झाकण, मग खरेदी. आपण नेमकं उलट करतो, सेल लागला की ऑर्डर, आणि वस्तू घरी आल्यावर स्क्रू ड्रायव्हर शोधायचा. मीही तेच केलं. दिवाळीच्या सेलमध्ये एक टीबीची एसएसडी घेतली, लॅपटॉप कुठल्या कंपनीचा ते विचारू नका, आणि रविवारी जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलवर बसलो. नऊ स्क्रू काढले, झाकण हलेना. नख घातलं, जुनं एटीएम कार्ड घातलं, कार्ड तुटलं. मुलगी म्हणाली बाबा जोर लावू नका, मी म्हटलं मग काय आरती करू? तिने शांतपणे खालची रबरी पट्टी नखाने उचलली, तर खाली आणखी दोन स्क्रू लपलेले! पट्टीच्या गोंदाला तेव्हापासून पूर्वीची पकड नाही, ती आता दर आठवड्याला अर्धी लोंबते.

बरं, हे सगळे स्क्रू एका मापाचे नसतात, लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आतल्या बोर्डालाही लागू शकतो. म्हणून मी इडलीपात्राची ताटली घेतली, एकेका खळग्यात एकेका कोपऱ्याचे स्क्रू. पद्धत उत्तम आहे, फक्त ताटली परत जागेवर ठेवताना मोजून ठेवा, सोमवारी सकाळी आमच्याकडे जे झालं ते इथे सांगण्यासारखं नाही.

आणि झाकण उघडल्यावर काय, तर आत निम्म्याहून जास्त जागा बॅटरीची, आणि कोपऱ्यात एवढीशी एसएसडी. एम.टू २२४२, एम.टू हा पट्टीसारख्या एसएसडीचा प्रकार, पुढचा आकडा मापाचा. म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ४२ लांब. माझ्या हातातली २२८०, ८० लांब. स्क्रू बसायचा तो खांब ४२ वर, त्याला लागूनच बॅटरी, ३८ मिलिमीटर हवेत. अंगापेक्षा बोंगा मोठा! लॅपटॉपच्या खोक्यावर काय छापलं होतं, तर ‘५१२ जीबी एसएसडी’. अहो, चप्पल घेताना नंबर विचारतात, इथे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. दुकानदार म्हणाला साहेब, सील फुटलंय. संपलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे विषय आता सुरू करायला हवा.

तर पटापट. झाकण उघडून तीन गोष्टी बघा: लांबी, जुन्या एसएसडीच्या पट्टीवर एनव्हीएमई लिहिलंय की साटा, म्हणजे ती लॅपटॉपशी कुठल्या पद्धतीने बोलते, आणि चिप एकाच बाजूला आहेत की दोन्ही, कारण पातळ लॅपटॉपमध्ये दोन्ही बाजूंनी चिप असलेली कधीकधी बसत नाही. पट्टी दिसलीच नाही तर चिप बोर्डालाच डकवलेल्या आहेत, २०१८ पासूनच्या मॅकबुक एअरसारख्या, झाकण लावा आणि क्लाउडचे पैसे भरा. जेन म्हणजे पिढी, जेन फोर पट्टी आधीच्या जेन थ्री स्लॉटमध्ये चालते, वेग स्लॉटचा मिळतो.

उघडण्याआधी बॅकअप. विंडोज असेल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा, खूपदा आपल्या नकळत असतो, त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून कागदावर उतरवून घ्या, फोटो त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका, हसताय काय, ठेवतात लोक. नवी पट्टी यूएसबीच्या केसमध्ये घालून आधी तिच्यावर जुनीचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करा. मग शट डाउन, चार्जर काढा, झाकण उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवा, वायर धरून ओढायचं नाही. पट्टी तिरकी सरकवायची, सोडली की ती आपोआप थोडी वर उभी राहते, दाबून स्क्रू लावा, पिळून पिळून नको. तो स्क्रू खाली पडला तर दिवे घालवून टॉर्च फरशीला टेकवून आडवी धरा, एवढ्याशा स्क्रूचीही लांब सावली पडते.

चालू केल्यावर एक टीबीचे ९३१ जीबी दिसतील, कुणी फसवलं नाही, कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. सी ड्राइव्ह वाढत नसेल तर मध्ये रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा भाग, आडवं पडलेलं असतं, त्यावर बोलायचं होतं पण... हो हो, अध्यक्षमहाराज, थांबतोच.

मागच्या काकूंचा प्रश्न, माझ्या २२८० चं काय झालं? यूएसबीच्या केसमध्ये घातली, आता तिच्यात मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत. आणि ज्यांनी लॅपटॉप सोबत आणलेत त्यांनी बाहेरच्या टेबलाशी या, स्क्रू ड्रायव्हर आणलाय मी, रबराची पट्टी मात्र ज्याची त्याने काढायची.