आधी पाय कुठे होते ते विचारा

मंडळी, कुणी आपला निसर्गफोटो दाखवला की आपल्या तोंडून दोनच गोष्टी निघतात. एक, ‘वा, सुंदर!’ आणि दुसरी, ‘क्षितिज तिरकं आहे.’ पहिलीतून बिचाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दुसरीशी माझं जुनं वैर आहे, ते आज उरकूनच घेतो.

हौस नवी होती तेव्हा एका स्पर्धेत मी तळ्याचा फोटो दिला होता. पहाटेचा, ट्रायपॉडवरून, पातळीचा बुडबुडा अगदी मधोमध आणून. परीक्षकांनी चार सेकंद पाहिलं. ‘क्षितिज तिरकं. पुढचा.’ पुढचा! घरी येऊन मी तो फोटो निमूटपणे दोन अंश फिरवला. तर काठावरची झाडं पडायला आली. परत फिरवला, झाडं उभी राहिली. असा तासभर मी झाडं पाडत आणि उभी करत बसलो होतो. मग डोक्यात प्रकाश पडला, ते क्षितिज नव्हतंच! तो पलीकडचा काठ होता. काठाचं एक टोक जवळ आणि दुसरं लांब असेल तर तो फोटोत उतरताच दिसणार, कॅमेरा कितीही सरळ धरा. खरी पातळी बघायची तर झाड आणि त्याचं प्रतिबिंब पाहा. शेंड्यापासून प्रतिबिंबातल्या शेंड्यापर्यंतची रेघ उभी हवी. हे त्या परीक्षकांना सांगायला मी आजही तयार आहे. ते इथे आलेले नाहीत ना? (हशा)

ते एक तृतीयांशाचं प्रकरणही तसंच, म्हणजे चौकटीचे तीन सारखे भाग पाडून क्षितिज किंवा मुख्य गोष्ट त्या रेघेवर ठेवायची, हा नियम. १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज गृहस्थांनी निसर्गदृश्य रंगवण्याबद्दल लिहिताना हे प्रमाण सुचवलं. कॅमेरा जन्मायचा होता. आणि आपण मात्र मोजपट्टी घेऊन बसतो, जणू फोटो नव्हे, सातबारा तपासतोय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे विषय आता सुरू करायला हवा.

माझं म्हणणं एवढंच, की दोष सांगण्याआधी तो कुठे घडला ते ठरवा. जागेवर की घरी? अमेरिकन निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो घ्या. साल १९४१. प्रकाशमापक सापडेना, म्हणून चंद्राच्या तेजाचा आठवणीतला आकडा धरून त्यांनी एक्सपोजर ठरवलं. एक फोटो झाला आणि दुसरा घेण्याआधी गावच्या दफनभूमीतल्या क्रुसांवरचं ऊन गेलं. आकाश मात्र पुढे कित्येक वर्षं ते डार्करूममध्ये, म्हणजे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीत, गडद करत राहिले. आकाश घरचं काम, ऊन तिथलंच.

तेव्हा रंग भडक झालेत, तर ‘एडिटिंगमधला रंगांचा स्लायडर मागे घे’ म्हणा. आज रात्री होईल. पुढचा भाग रिकामा वाटतो, तर ‘फोरग्राउंड कमजोर’ म्हणू नका. ‘तू कुठे उभा होतास? गुडघ्यावर बसून त्या दगडाजवळ गेला असतास तर?’ असं विचारा. वाइड लेन्सने घेतलेलं निळं आकाश एकाच पट्ट्यात काळवंडलंय? बहुधा पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा लेन्सवरचा फिल्टर. त्याचा जोर सूर्यापासून नव्वद अंशांवर सर्वात जास्त, आणि वाइड लेन्सच्या एकाच फ्रेममध्ये जोराचं आणि बिनजोराचं आकाश दोन्ही मावतं. काढून ठेवायला सांगा. सगळाच फोटो किंचित मऊ, म्हणजे कमी रेखीव आलाय तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं होतं ते विचारा. एफ/२२ असेल, म्हणजे भोक फारच बारीक, तर थोडं मोठं, एफ/११ करून बघ म्हणावं. ढग पांढरेफटक जळालेत? ते आता परत येत नाहीत. पुढच्या वेळी कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, बघायला सांगून गप्प बसा.

आणि कौतुक करायचं तर नेमक्या जागेवर बोट ठेवून करा. ‘डावीकडचं धुकं क्रॉप केलं नाहीस ते बरं केलंस’ म्हटलं तर तो पुढच्या वेळीही ते ठेवील.

दुसरी चिठ्ठी. ठीक. दिवे घालवा, पहिला फोटो लावा. थांबा, मागून कोण म्हणालं तिरकं? तो काठ आहे हो, काठ!